संप, सन २४३३

पेणला मूर्तीच्या कारखान्यात डोळे सगळ्यांत शेवटी येतात. अंग रंगून झालेलं असतं, सोंडेवरचं सोनेरी काम वाळत असतं, मग आखणी करणारा बारीक कुंचला घेऊन बसतो. पापणीची रेघ एका दमात ओढायची. हात मध्येच अडखळला की डोळा गेला. हे ज्याला जमतं त्याच्याशी त्या दिवसांत कुणी फारसं बोलत नाही.

त्याच रांगेत मागे बाहुबली येऊन गेला, पुष्पा येऊन गेला. खांद्यावर शिवलिंग पेललेले गणपती, हनुवटीखाली हात फिरवणारे गणपती. लोक नाकं मुरडतात. मला त्यात वावगं वाटत नाही. गिऱ्हाईक मागेल तो चेहरा द्यायचा, हाच तर धंदा. माझी तक्रार मागणाऱ्यांबद्दल आहे, आणि ती व्हर्जिल ऑर्टिझचं काम पाहिल्यापासूनची.

ऑर्टिझ न्यू मेक्सिकोतल्या कोचिटी पुएब्लोचा. जन्म १९६९चा. आजी लॉरेन्सिटा हेरेरा आणि आई सेफेरिना, दोघी मातीकाम करणाऱ्या. त्याची माती तिथलीच, घडवणं हाताचं, काळा रंग रानभाजीचा रस आटवून केलेला. घडतात मात्र २१८० सालचे योद्धे: मुखवटे, चिलखतं, अंगभर कोचिटीची जुनी नक्षी. कथा १६८०च्या, पुएब्लोंनी स्पॅनिशांविरुद्ध केलेल्या उठावाची. पोपे नावाच्या पुढाऱ्याने गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव धाडल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. निरोपे पकडले गेले, म्हणून उठाव आधीच झाला, तरी स्पॅनिश बारा वर्षं बाहेर राहिले. ऑर्टिझने तो उठाव पाचशे वर्षं पुढे नेला, एवढंच. पण पुढे गेल्यावर तो हरलेल्यांच्या इतिहासातला उरत नाही.

आता अलिबाग तालुक्यातलं चरी घ्या. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी खोतांची जमीन कसायचं सोडलं, आणि सहा वर्षं शेतं पडीक ठेवली. स्वतःच्या पोटावर पाय देऊन केलेला संप! लाकडं तोडली, मासे मारले, पण नांगर धरला नाही. पुढे २००८ साली पेण तालुक्यातल्या २२ गावांनी सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची का यावर मत दिलं, तेही याच खारेपाटातल्या भातजमिनीसाठी. खाडीचं पाणी बांधाने अडवून पिकवलेली जमीन ती. बांधाला खांड गेली की खारं पाणी आत, आणि पुढची काही वर्षं भाताचं नाव नको.

यातलं काही शाडूत उतरलेलं मी पाहिलेलं नाही. शाडू न भाजलेलाच बरा, पाण्यात विरघळायला हवा, हे मान्य. पण बाहुबलीसुद्धा विरघळलाच की.

एका कारखान्यात मी विचारलं, “दादा, चरीची संपकरी बाई करता येईल का? पण १९३३ची नको, २४३३ची.”

तो हसला नाही. एका नगासाठी साचा परवडत नाही, हातानेच करावी लागेल, म्हणाला. मग कुंचला धुता धुता विचारू लागला, “तवा बांधावर पाणी कुठवर आलेलं असंल, ते सांगा. लुगडं किती वर खोचायचं ते त्यावर हाय.”