हिरवी नोंद हिरवीच राहावी

लोणार सरोवराच्या नोंदी संगणकात ठेवायच्या तर मला त्यांची घडण अशी सुचते: वर तारीख, खाली 'पाणी' नावाचं ऑब्जेक्ट, आणि त्याच्या पोटात रंग, सामू, क्षारता. जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीतही देता येतात, याचं मला फार अप्रूप आहे. मे.पाणी.रंग असं लिहिलं की कोड वाचताना सरोवर डोळ्यांसमोर येतं.

समजा, मे 2020च्या नोंदीत रंग हिरवा आहे. जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. आता जुन्या नोंदीची कॉपी करायची आणि बदललं तेवढंच बदलायचं, ही आमची रोजची रीत. पण नुसतं जून = मे लिहिलं तर एकाच नोंदीला दोन नावं पडतात. सातबाऱ्याचा दुसरा उतारा काढला म्हणून शेतं काही दोन होत नाहीत! मग बरेच जण तीन टिंबांचा स्प्रेड वापरतात. त्याने तारखेचा रकाना सुटा होतो, पाणी मात्र दोघांत सामाईकच राहतं. जूनचा रंग गुलाबी केला की मेही गुलाबी. एरर येत नाही, प्रोग्राम सुरळीत चालतो आणि सरोवर हिरवं होतं याची नोंदच उरत नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या गुलाबी रंगाचा माग हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांपर्यंत काढला. रंग बदलला हे कळायला आधीचा रंग शाबूत हवा. तोच पुसणारी कॉपी मला खपत नाही.

नोंदीचा जेसन मजकूर करून तो परत वाचायचा, ही आतल्या थरांसकट खोल कॉपी करायची जुनी युक्ती. पाणी सुटं होतं खरं, पण डेट ऑब्जेक्टची नुसती अक्षरं होतात आणि अनडिफाइन्ड रकाने गळून जातात, तेही गुपचूप. 2022पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत असलेलं स्ट्रक्चर्डक्लोन तारखेला तारीखच ठेवतं. आत फंक्शन सापडलं तर एरर देऊन थांबतं. हे थांबणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

तरी सरसकट सगळ्याची खोल कॉपी करू नये. सरोवराच्या विवराचा सुमारे 1.8 किलोमीटरचा व्यास, बेसाल्टचा खडक, अक्षांश-रेखांश हे प्रत्येक नोंदीत नव्याने कशाला? ते खुशाल सामाईक असावं, फक्त कुणाचा हात लागू नये म्हणून ऑब्जेक्ट.फ्रीझ लावावं. तेही वरच्या थरापुरतंच गोठवतं, म्हणून अक्षांश-रेखांशाचं आतलं ऑब्जेक्ट मी वेगळं फ्रीझ करतो.