मामांची हजेरी



भाताची मळणी उरकली. इंद्रायणीचा उतारा किती पडला ते पुढच्या नोंदीत लिहीन. आज मामांच्या हाताबद्दल.

मामा म्हणजे माझ्या नात्यातले नव्हेत, आख्ख्या आळीचे मामा. वय 66. स्वतःची जमीन नाही. नसरापूर आणि आजूबाजूच्या खाचरांत चाळीस वर्षं मजुरी केली. गेल्या वर्षी मळणीत पेंढी सारताना यंत्रात डावा हात ओढला गेला आणि दोन बोटं गेली. या वयाचं माणूस यंत्रापाशी का, असं काहींनी विचारलं. दुसरं कोण आहे? तरणी पोरं शिरवळला नाहीतर खेड शिवापूरला कंपनीत, उरलेली हायवेच्या हॉटेलात. शेतात राबणारे साठीच्या पुढचेच राहिलेत.

यंत्र भाड्याचं होतं. पेंढी सारायचा पाट आखूड आणि वरून उघडा. आयएस 9020 या मानकात हा पाट किमान 90 सेंटीमीटर लांब आणि त्यातला 45 सेंटीमीटर झाकलेला असावा असं आहे, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. मळणीयंत्रासारख्या धोकादायक यंत्रांसाठी 1983 पासून वेगळा कायदाही आहे. यंत्र बोलवाल तेव्हा आधी टेप लावून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पाट आखूड असेल तर परत पाठवा, भलेही मळणी दोन दिवस लांबू दे.

बोटं चेंगरलेली होती, जोडण्यासारखी नव्हतीच. जखम शिवून मामा चौथ्या दिवशी घरी आले. मग कागद सुरू झाले.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आपल्याला माहीत आहे. मृत्यू झाला तर 2 लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर 1 लाख. पण ती खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. मामांचा सातबाराच नाही. बँकेतून वर्षाला 20 रुपये कापून जाणारा सुरक्षा विमा होता, तिथेही आख्खा हात गेला तरच पैसे, दोन बोटांना काही नाही. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या कोष्टकात मात्र एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद 20 टक्के घटली असं धरतात. पण त्यासाठी मजुरी किती होती आणि मालक कोण, हे दाखवावं लागतं. आज या खाचरात, उद्या त्या खाचरात, 500 रुपये हातावर. कागद कुठून आणायचा? यंत्रवाल्याने गाडीभाडं आणि पहिल्या औषधांचे पैसे दिले, नंतर फोन उचलणं बंद.

एक तुलना मला सारखी टोचते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोतं उचलणाऱ्या हमालाची माथाडी मंडळात नोंद असते. बाबा आढावांनी 1955 साली हमाल पंचायत उभी केली, पुढे 1969 चा माथाडी कायदा आला, त्यातून हे मिळालं. तेच पोतं खळ्यावरून टेम्पोत मामा चढवतात तेव्हा त्यांची नोंद कुठेच नसते.

आळीनं वर्गणी काढली. वर्गणीचं एक असतं, पहिल्या आठवड्यात जोरात, महिन्याने कुणी विषय काढत नाही. शिवाय मामांना ते आवडत नव्हतं. पैसे घेताना बोलायचे नाहीत, नुसते खाली बघायचे.

मग एका घरातल्या काकूंनी मुद्दा काढला. म्हणाल्या, पैसे कशाला गोळा करताय, सावडीत धरा की. आमच्याकडे सात घरांची सावड आहे. कुणी इर्जिक म्हणतं, साताऱ्याकडे पैरा. आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या माझ्या. पण ज्याला जमीन आहे त्याचीच सावड फिरते, मजूर त्यात कधी नसतोच. काकूंचं म्हणणं असं की मामांचं आठवं घर धरायचं. त्यांच्या वाट्याला खाचर नाही म्हणून त्यांच्या पाळीला सात घरांनी एकेक हजेरी पोचवायची, आणि मामांनी जमेल ते काम सातही घरांत करायचं.

इथे वाद झाला. बी निवडायला, राखणीला पूर्ण हजेरी कशी द्यायची? अर्धी द्या, असं दोघा-तिघांचं मत. माझं मत उलट होतं आणि आहे. आपण दिवस विकत घेतो, बोटं मोजून घेत नाही. शेवटी एक हंगाम पूर्ण देऊन बघायचं ठरलं.

हिवाळाभर मामांचा हात ठणकायचा. थंडीत तुटलेल्या बोटांची टोकं फार दुखतात, लोकरी मोजा घालून बसायचे. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. मामींनी चेंडूऐवजी पिठाचा गोळा पुढे केला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदा पीठ मळताय, असं सगळ्यांना सांगत फिरल्या. मूठ वळायला फाल्गुन उजाडला.

मे अखेरीला सातही घरांचं बी मामांनी केलं. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, त्यात बी ओतायचं, वर तरंगेल ते पोचट काढून टाकायचं, खाली बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. हे आपण सगळे ऐकतो आणि घाईत निम्मे जण करत नाही. मामांना घाई नव्हती. रोपं सगळीकडे एकसारखी उठली. लावणीच्या पावसात रात्री बांध फुटलाय का बघायलाही तेच जायचे, सोबत एक पोरगा देऊन.

दवाखान्याबाबत एक सांगून ठेवतो. असं काही झालं तर केसपेपरवर ‘मळणीयंत्रात अपघात’ हे शब्द त्याच दिवशी लिहून घ्या. मामांच्या कागदावर नुसतं ‘हाताला जखम’ आहे. आणि मजुराचं नाव, तारीख, हजेरी एका वहीत लिहीत चला. आमच्या सावडीने यंदापासून ती वही केली आहे, ती मामांकडेच असते.

यंदाच्या मळणीला मामा खळ्यावर होते, यंत्रापासून लांब, पोती मोजायला. यंत्र दुसरं आणलं, पाट झाकलेला. पुढच्या वर्षीही पूर्ण हजेरी द्यायला सातातली पाच घरं तयार आहेत. दोन घरं अजून अर्धीवर अडून आहेत, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.