मागचा ब्रेक
आमची सीडी १०० जुनी. मागचा ड्रम ११० मिलिमीटरचा. लायनर नवे टाकूनही पावसात भटवाडीच्या उतारावर गाडी थांबता थांबेना. मागे पत्नी, समोर शाळेची पोरं!

लोक म्हणाले, डिस्क बसवा. पण तिला पंप, तेलाची नळी, सारेच नवे लागते. मेकॅनिकने नव्या स्प्लेंडरचे १३० मिलिमीटर ड्रमचे अख्खे चाकच ब्रेक प्लेटसकट बसवले. नुसते मोठे लायनर जुन्या ड्रममध्ये मावत नाहीत. ड्रम मोठा, म्हणून त्याच दाबात पकड जास्त. बुश तेवढे लेथवर करून घेतले.

ब्रेक प्लेट अडवणारी पट्टी चिमट्याला पक्की आहे का, ते मात्र मी स्वतः पाहिले. ती सुटली तर प्लेटच गरगरते. पगारातले पैसे गेले खरे, पण पत्नी आता उतारावर माझा खांदा आवळत नाही.