सव्वा तासाचं अंतर

आजोबा मुंबईला नोकरीला. पेडण्याला यायचं तर भाऊच्या धक्क्यावरून बोट. पणजीपर्यंतच जवळजवळ चोवीस तास. आई गेल्याची तार मिळाली, पण ते घरी पोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता.

5 जानेवारी 2023 पासून मोपाच्या सड्यावर विमानं उतरू लागली. मुंबईहून सरळ रेषेत साधारण 390 किलोमीटर, सव्वा तास. गेल्या पावसात डिचोलीची मावशी अत्यवस्थ असल्याचा फोन सकाळी आला; दुपारी मी तिच्या उशाशी होतो. "इतक्यात पोचलास रे?" म्हणाली. रात्री गेली.

तिच्या माहेरची काजूची झाडं त्याच सड्यावर होती. विमान उतरताना मी अजून खिडकीतून ती जागा शोधतो.

तुमच्या घरात बोटीच्या आठवणी असतील, तर जरूर लिहा.