उभ्या हमालाची मजुरी

सोलापूर मागे टाकून गाडी आग्नेयेकडे निघाली की पंधरा-एक किलोमीटरवर होटगी जंक्शन लागते. मुंबईहून चेन्नईकडे जाणारा मोठा मार्ग येथून वाडी-रायचूरच्या दिशेने पुढे जातो आणि विजापूर-गदगचा फाटा येथूनच दक्षिणेस फुटतो. बहुतेक प्रवाशांच्या स्मरणात होटगी असते ती ‘गाडी येथे उगाच थांबली’ एवढ्याच नात्याने. आमचे येथे येणे-जाणे आहे ते काही कुटुंबांच्या ओढीने. त्यांपैकी एका घराच्या ओसरीवर गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच-सहा मुले विज्ञानाचे पुस्तक घेऊन बसली होती. ‘ऊर्जा’ हा धडा चालला होता. आम्हांस चहा येईपर्यंत काहीतरी उद्योग हवाच होता, म्हणून आम्हीही त्यांच्यात बसलो.

धड्यात सांगितले होते की कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा, आणि बल लावल्याने वस्तू जागची हलली तरच कार्य झाले. भिंतीला कितीही रेटा दिला आणि भिंत हलली नाही, तर कार्य शून्य. मुलांनी हे पाठ म्हणून दाखवले. मग पुस्तकातील उदाहरण आले : डोक्यावर ओझे घेऊन उभा असलेला हमाल ओझ्यावर काहीही कार्य करीत नाही. यावर एक सातवीतील मुलगी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “फादर, मग आमच्या आजोबांना मजुरी कशाची मिळायची?”

तिचे आजोबा मालधक्क्यावर हमाल होते. पोते पाठीवर घेऊन वाघिणीपुढे रांगेत उभे राहण्यात त्यांचा निम्मा दिवस जाई, असे तिने घरात ऐकले होते. दमून येत ते त्या उभे राहण्यानेच. पुस्तक म्हणत होते, त्यांनी त्या वेळात काही केलेच नाही.

हा प्रश्न पोरकट म्हणून सोडून देण्यासारखा नाही. व्याख्या चुकीची नाही, आणि आजोबांचा थकवाही खोटा नाही. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे सांगता आले तरच धडा शिकवला असे म्हणावे.

प्रथम हिशेब मांडू. शंभर किलोचे पोते एक मीटर उचलण्यास सुमारे ९८० ज्यूल ऊर्जा लागते. ज्वारीच्या एका भाकरीतून शरीराला दीडशे ते दोनशे किलोकॅलरी, म्हणजे ढोबळमानाने सात लाख ज्यूल मिळतात. भागाकार केला तर एका भाकरीवर सातशेहून अधिक पोती उचलली गेली पाहिजेत! मुले हसली. त्या मुलीला मात्र हसू आले नाही. एका भाकरीवर सातशे पोती उचलणारा माणूस होटगीत काय, जगात कोठेही जन्मलेला नाही. मग भाकरीतली बाकीची ऊर्जा गेली कोठे?

ती मुख्यतः उष्णतेत गेली. मनुष्याचे स्नायू फार तर पाव हिस्सा ऊर्जा बाहेरच्या कामाला देतात, उरलेली अंग तापवते. शिवाय पोत्याबरोबर स्वतःचा देहही उचलावा लागतो, काळीज चालवावे लागते, श्वास घ्यावा लागतो. आणि ओझे घेऊन स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाचे स्नायू आतून स्तब्ध नसतातच. त्यांचे सूक्ष्म तंतू क्षणोक्षणी आवळतात, सुटतात, पुन्हा आवळतात. लाकडी घोडी तेच पोते फुकटात पेलते, कारण तिला आवळावे लागत नाही. माणसाला पेलण्यासाठी सतत भाकरी जाळावी लागते. पोत्यावर झालेले कार्य शून्य खरे, पण आजोबांच्या देहात ऊर्जेचे रूपांतर अखंड चालू होते आणि त्याची पावती म्हणजे त्यांचा घाम. पुस्तकाने ‘पोत्यावर’ हा शब्द ठळक छापला असता तर त्या मुलीला गप्प व्हावे लागले नसते. मजुरांच्या वस्तीत हे उदाहरण देताना शिक्षकांनी तो एक शब्द दोनदा उच्चारावा, असे आमचे मत आहे.

आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली असावी. ‘ऊर्जा’ हा शब्द ज्या संस्कृत ‘ऊर्ज्’पासून आला, त्याचा अर्थ बळ आणि पोषण असा दुहेरी आहे. पाश्चात्त्य शास्त्राला अन्न आणि गती यांचे नाते उमगायला १८४० चे दशक उजाडावे लागले. १८४० साली रॉबर्ट मायर नावाचा तरुण जर्मन डॉक्टर डच जहाजावरून जावा बेटाला गेला. तेथे खलाशांची शीर उघडून रक्त काढताना ते त्याला अपेक्षेहून अधिक लाल दिसले. त्याने तर्क बांधला की उष्ण प्रदेशात अंग गरम ठेवण्यास कमी अन्न जाळावे लागते, म्हणून रक्तातला प्राणवायू कमी खर्च होतो. म्हणजे अन्न, अंगाची ऊब आणि हातून होणारे काम हे एकाच खात्यातील जमाखर्च आहेत! दोन वर्षांनी त्याने तो विचार प्रसिद्ध केला. इंग्लंडात जेम्स ज्यूल याने पाणी घुसळून तेच मोजून दाखवले. ऊर्जेच्या एककाला आज त्याचे नाव आहे.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो, आणि इंग्रजीतला ‘एनर्जी’ हा शब्द त्याच्याच ‘एनर्गेइया’पासून निघाला. मात्र त्याचे एक मत मुलांच्या डोक्यातही आपोआप असते : ढकलणारा थांबला की वस्तू थांबणारच. बैलगाडीच्या जगात हे पटतेच. रेल्वेच्या रुळावर ते पटत नाही. सपाट रुळावर धक्का दिलेली वाघीण, धक्का देणारा बाजूला झाल्यावरही, बराच वेळ घरंगळत राहते. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांत घर्षण फार थोडे, हे त्याचे कारण. गती टिकवण्यास ऊर्जा लागत नाही, गती बदलण्यास लागते. रोजच्या व्यवहारात सतत लागते ती घर्षण आणि वारा तिला खात राहतात म्हणून. होटगीच्या मुलांना हे समजावण्यास प्रयोगशाळेची गरज नाही, रुळापासून दूर उभे राहून पाहिले तरी पुरे.

बैलगाडी आणि रेल्वे यांतील हाच फरक या भागात एकदा जीवन-मरणाचा ठरला होता. १८७६ ते १८७८ चा तो मोठा दुष्काळ. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्येच सोलापुरास आली होती आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेस मिळाली होती. म्हणजे धान्य सोलापूरपर्यंत येऊ शकत होते. त्यापुढे विजापूर, कलादगीकडे रूळ नव्हते. बैलगाडी हेच वाहन. सोलापूर ते विजापूर सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे भरल्या गाडीला चार-पाच दिवसांची वाट, आणि तितकीच परत. बैलजोडीला दिवसाला पंधरा-वीस किलो वैरण आणि भरपूर पाणी लागते. चांगल्या वर्षी हे वाटेतच मिळे. पाऊस न पडल्याने ज्वारीबरोबर कडबाही गेला. बैलाचे इंधन तेच, जे माणसाच्या अन्नाबरोबर त्याच शेतात उगवते! धान्य नाही म्हणून माणूस उपाशी, आणि कडबा नाही म्हणून धान्य ओढणारा बैल उपाशी. एकाच आभाळाने दोघांचेही दार लावले.

त्या दुष्काळाचा धडा घेऊन सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये उभी राहिली आणि होटगी-गदग हा मीटरगेज मार्ग १८८४ मध्ये सुरू झाला. इंजिनाला कडबा लागत नाही. झारखंड-ओडिशाकडचा दगडी कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठवलेले ऊन. त्या वर्षी सोलापुरावर पाऊस पडला की नाही, याची त्याला फिकीर नसते. (पाणी मात्र वाफेच्या इंजिनालाही लागे. दुष्काळ त्यालाही अगदीच अनोळखी नव्हता.) रुळांमुळे भूक संपली असे कोणी म्हणू नये. रूळ जितके धान्य आणतात तितकेच ते बाहेरही नेऊ शकतात, आणि कोणत्या दिशेला न्यायचे हे कोळसा ठरवीत नाही. तरी बैलाच्या पोटाशी बांधलेला दोर तुटला, हे खरे. दोन मार्गांच्या रुळांची रुंदी वेगळी असल्याने होटगीला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवणे आले. तेथे पुन्हा भाकरीवर चालणारे यंत्र लागले, म्हणजे हमाल.

आता दोन्ही मार्ग एकाच रुंदीचे आहेत, गाड्या विजेवर धावतात, आणि कोळसा येतो तो इंजिनासाठी नव्हे. होटगी स्थानकानजीक फताटेवाडीला एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचा ६६० मेगावॅटचा पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये वीज देऊ लागला. एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा धरला, तर दोन्ही संच पूर्ण भाराने चालल्यास दिवसाला वीस हजार टन कोळसा लागतो. म्हणजे पाचेक मालगाड्या.

मुलांना आम्ही विचारले, “अशी भरलेली गाडी थांबते तेव्हा तिच्यातली गती जाते कोठे?” उत्तर आले, “संपते.” आम्ही त्यांना तळहात जोरात घासून गालाला लावायला सांगितले. पाच हजार टनांची गाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने येत असेल, तर तिच्यात सुमारे १९० युनिट विजेइतकी गतिज ऊर्जा असते. ब्रेक लागले की तिचा बराच भाग चाके आणि ब्रेकचे ठोकळे तापवण्यात जातो. नव्या विद्युत इंजिनांत त्यातील काही भाग वीज म्हणून तारेत परत जातो. आकडा ऐकून मुलांना वाटले, फारच मोठी गोष्ट असणार. पण एवढी उष्णता त्याच गाडीतला चाळीसेक किलो कोळसा जाळूनही मिळते, आणि प्रत्येक वाघिणीत साठ टनांहून अधिक कोळसा भरलेला असतो. धावणाऱ्या गाडीच्या आवाजाने आपण दचकतो. खरी मोठी ऊर्जा तिच्यात काळी, थंड, गप्प बसलेली असते.

केंद्रात त्या कोळशाचे काय होते तेही सांगावे लागले, कारण एका मुलाचे वडील तेथे कंत्राटी काम करतात. कोळशाने पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरवते, चक्र वीज देते. जळालेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपासच वीज होते. उरलेली धुराड्यातून आणि शीतक मनोऱ्यांतून हवेत जाते. मनोऱ्यांवरचा पांढरा ढग हा त्या न वापरता आलेल्या उष्णतेचाच पोशाख. तिला नेण्यासाठी भीमेवरच्या उजनी जलाशयातून नळाने पाणी आणावे लागते. त्याच उजनीवर सोलापूरकरांची तहान आणि उसाचे मळे अवलंबून आहेत. दिवा लावताना आपण कोळसा जाळतो हे मुलांना ठाऊक होते. पाणीही खर्च करतो, हे नव्हते.

शेवटी विषय निघाला चिमणीचा. होटगी रस्त्यावरच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी विमानांच्या वाटेत येते, म्हणून कित्येक वर्षे वाद चालला होता. एका बाजूला विमानसेवेची ओढ, दुसरीकडे ऊसउत्पादक सभासद आणि कामगार. १५ जून २०२३ रोजी ती पाडली गेली आणि काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. पुढे २०२५ च्या जूनमध्ये सोलापूर-गोवा विमान सुरू झाले, आणि आमच्या ओळखीच्या काही गोवेकर कुटुंबांना त्याचा आनंद झाला. पाहायला गेलेल्यांना त्या दिवशी हुंदका आवरला नाही, हेही आम्ही ऐकले आहे.

पदार्थविज्ञानाला या वादात मत नाही. ते इतकेच सांगते की नव्वद मीटरवरून सुटलेला दगड चार-साडेचार सेकंदांत खाली येतो आणि भुईला टेकताना त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटर झालेला असतो. पाडणाऱ्यांनी तळाशी फक्त तिचा तोल मोडला. पुढचे काम उंचीने केले. ती उंची चिमणी बांधली गेली त्या दिवसांपासून तेथे साठून होती, न हलता, न आवाज करता.

“म्हणजे उभी होती तेव्हाही तिच्यात होती?” त्या मुलीने विचारले.

“होती.”

“आणि ती आली कोठून?”

आम्ही तिलाच सांगायला सांगितले. तिने बोटांवर मोजत सांगितले : सिमेंट, खडी, वाळू, लोखंड वर चढवणारी यंत्रे, त्यांचे डिझेल, आणि घमेली वाहणारी माणसे. मग पुस्तक उघडून हमालाच्या चित्राखाली तिने पेन्सिलीने ‘पोत्यावर’ असे लिहिले आणि धड्याचे पान उलटले.