होडीतली झोप आणि घरातला चौक

नौदलाची ‘तारिणी’ ही १७ मीटर लांबीची शिडाची नौका २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून २९ मे २०२५ रोजी गोव्यालाच परतली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींच्या या प्रवासाच्या बातम्यांत वादळे आणि उंच लाटा यांचे वर्णन पुष्कळ आले. उष्णतेचे भौतिकशास्त्र हा माझा विषय असल्याने मला मात्र एक साधाच प्रश्न पडला : विषुववृत्ताजवळच्या दमट रात्री एवढ्याशा केबिनमध्ये माणसाने झोपावे कसे? लहान होडी बाळगणाऱ्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे. सध्या तो समुद्रापासून दूर, कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरमधील आमच्या घरातही उभा आहे.

आधी हिशेब मांडू. झोपलेला प्रौढ माणूस साधारण ७५ वॅट उष्णता बाहेर टाकतो. दोघांची मिळून १५० वॅट. लहान केबिनमध्ये ८ घनमीटर हवा धरली, तर तिचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे १०,००० ज्यूल पुरतात. म्हणजे सारी उष्णता हवेतच कोंडली, तर मिनिटाला जवळजवळ एक अंश! प्रत्यक्षात काही उष्णता भिंती शोषून घेतात, काही घामाच्या वाफेबरोबर जाते. पण दारे बंद असतील तर ती वाफही आतच राहते आणि पुढचा घाम वाळणे अधिक कठीण करते.

ओला पडदा लावला तर? हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने तापमान फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर चालतो तो यामुळेच. पण किनाऱ्यावरची रात्र ३० अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असली, तर ही मर्यादा २८ अंशांवरच येते. दोन अंशांच्या लाभासाठी खोलीत आणखी दमटपणा ओढवून घेणे शहाणपणाचे नाही. पावसाळ्यापूर्वी आपल्या समुद्राचे पाणीही २९-३० अंशांच्या आसपास असते. तेही मदतीला येत नाही.

मग हाती दोनच उपाय उरतात : दिवसा उष्णता आत येऊ न देणे आणि रात्री साठलेली बाहेर जाऊ देणे. भर दुपारी चौरस मीटरमागे सुमारे १,००० वॅट ऊन पडते. म्हणून डेकच्या वर, मध्ये हात-दीड हाताची मोकळी जागा ठेवून, पांढरे कापड ताणतात. कापड तापले तरी त्याच्याखालून वारा वाहतो आणि डेक सावलीत राहतो. रात्री नांगरलेली होडी बहुधा आपले तोंड वाऱ्याकडे वळवते. पुढच्या झडपेवर कापडाचे लहान शीड उभारले की वारा आत वळतो आणि मागच्या दाराने निघून जातो. १५० वॅट उष्णता एका अंशाच्या वाढीवर बाहेर न्यायची, तर सेकंदाला ०.१२ घनमीटर हवा लागते. अर्धा मीटर लांब-रुंद झडपेतून ती जायला सेकंदाला अर्धा मीटर वेग पुरतो. एवढी झुळूक अंगाला जेमतेम जाणवते. अट एकच : आत येण्याच्या वाटेइतकीच बाहेर जाण्याची वाटही मोकळी हवी.

आता आमच्या घराकडे वळतो. १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवरून दूर झालेले अमरसिंह राजे तिरुविडैमरुदूर येथे राहिले. या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. घराच्या मध्यभागी उघडा चौक आहे. तमिळमध्ये त्याला ‘मुट्रम’ म्हणतात. रस्त्याकडच्या ओट्यावरून आलेली हवा खोल्यांतून चौकात येते आणि वर निघून जाते. चार मीटर उंची आणि आतबाहेर तीन अंशांचा फरक असेल, तर वर चढणाऱ्या हवेचा वेग आदर्श स्थितीत सेकंदाला सुमारे ०.९ मीटर येतो. घर्षणात निम्मा गेला, तरी होडीच्या झडपेला हवी असलेली झुळूक जवळपास हाती लागते, आणि तीही विजेविना.

अण्णांना हा चौक काँक्रीटने बंद करून आईच्या खोलीत एसी बसवायचा आहे. त्यांची कारणे खोटी नाहीत : ऑक्टोबर ते डिसेंबरचा मुसळधार पाऊस, वर माकडांचा उपद्रव. शिवाय तेथे राहून आईची काळजी घेणारे तेच आहेत. मी दूरच्या प्रयोगशाळेत असतो. एसीला माझा विरोध नाही. वाढत्या वयात घाम कमी येतो आणि उकाडा सोसण्याची शरीराची शक्ती घटते. आईला काही रात्री त्याची गरज भासेल. पण वादळात वीज गेली की चौक बुजवलेले घर म्हणजे झडप बंद केलेली केबिनच. आणि नेमके त्याच वेळी आईजवळ दुसरा उपाय नसेल.

म्हणून मी अण्णांना होडीचे चित्र काढून पाठवले. चौकावर छप्पर घाला, पण खांबांवर, भिंतीपासून अर्धा मीटर उंच. वरून पांढरे, पावसासाठी कडेने पुढे काढलेले आणि मधल्या फटीला माकडांसाठी जाळी लावलेले. पाऊस अडेल, हवा अडणार नाही. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते : “गवंड्याला विचारतो.” अजून निर्णय झालेला नाही.

विद्यार्थीमित्रांनो, आज रात्री झोपण्यापूर्वी पंखा बंद करून खोलीच्या मध्यभागी एक उदबत्ती लावा आणि धूर कोणत्या वाटेने बाहेर जातो ते पाहा. तो जागच्या जागी घुटमळत राहिला, तर समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून पुन्हा पाहा. धुराला जी वाट मिळाली, तीच तुमच्या शरीरातील ७५ वॅटांचीही वाट आहे.