रेवेची खाण आणि नदीचे देणे

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बांधकामाची वाळू आणि रेव मोठ्या प्रमाणावर नदीकाठच्या गाळातून काढली जाते. साउथ प्लॅट आणि तिच्या उपनद्यांच्या काठी भूजल फार खोल नसते. खोदकाम त्या पातळीखाली गेले की खड्ड्यात पाणी साठते आणि एरवी मातीआड असलेले भूजल उन्हावाऱ्याला उघडे पडते. हेच पाणी गाळातून झिरपत नदीला मिळत असते. खड्ड्यातून जितके उडून जाते तितकी नदीत तूट येते, आणि तिथल्या नदीचे पाणी आधीच कुणाच्या ना कुणाच्या हक्काचे असते.

कोलोरॅडोच्या १८७६ च्या राज्यघटनेने ‘जो आधी वापरील त्याचा हक्क आधी’ हे तत्त्व मान्य केले. टंचाईत जुना हक्कदार मागणी नोंदवतो, त्याला ‘कॉल’ म्हणतात. कॉल लागला की त्याच्यानंतरच्या हक्कदारांना उपसा थांबवावा लागतो. १९६९ च्या कायद्याने नदीशी जोडलेले भूजल याच क्रमवारीत आणले आणि नव्या वापराला एक वाट ठेवली : नदीची तूट भरून देणारा भरपाई आराखडा. पुढे १९८८ मध्ये झिगन सँड अँड ग्रॅव्हल कंपनीच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भूजल उघडे पाडणारा खाणीचा खड्डा विहिरीतच मोडतो, असा निर्णय दिला. पंप नसला तरी खाणीला बाष्पीभवनाचे देणे लागू झाले. १९८९ च्या कायद्याने १९८० संपण्यापूर्वी उघड्या पडलेल्या पाण्याला या भरपाईतून सूट दिली.

खाणीचा पाणीवापर मोजताना उपसलेले पाणी आणि खर्ची पडलेले पाणी यांत फरक करावा लागतो. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी उपसलेले पाणी बहुतांशी नदीकडे परत जाते. रेव धुतलेले पाणीही निवळण तळ्यांतून पुन्हा वापरात येते. खर्ची पडते ते तळ्यावरून उडणारे, मालाबरोबर ओल म्हणून जाणारे, धूळ बसवण्यासाठी रस्त्यांवर शिंपडलेले आणि जागेवर काँक्रीट होत असल्यास त्यात मिसळलेले पाणी. धुतलेल्या मालातील ओल साधारणपणे वजनाच्या ४ टक्के धरतात.

समजा, खाणीत २० एकर, म्हणजे सुमारे ८ हेक्टर पाणी उघडे आहे आणि वर्षाचे बाष्पीभवन ४२ इंच आहे. खोदण्यापूर्वी त्या जमिनीवरचे गवत पावसाचे काही पाणी वापरतच होते. त्यापोटी १० इंच वजा केले तर ३२ इंच उरतात. हे झाले सुमारे ५३ एकर-फूट, म्हणजे साडेसहा कोटी लिटर. वर्षाला ३ लाख टन धुतलेला माल बाहेर गेला तर त्याच्या ओलीचे आणखी सुमारे ९ एकर-फूट होतात. सहसा लक्ष जाते ते धुलाई यंत्राकडे, पण सर्वांत मोठा खर्च शांत पडून असलेल्या तळ्याचा असतो.

हा हिशेब महिनावार मांडतात. ६,५०० फुटांपेक्षा कमी उंचीवर वर्षाच्या बाष्पीभवनातला १५ टक्के वाटा एकट्या जुलैचा आणि ३ टक्के जानेवारीचा धरला जातो. शिवाय खाण नदीपासून दूर असेल तर तूट नदीपर्यंत पोहोचायला महिनोन्‌महिने, कधी वर्षेही लागतात. अंतर, गाळथराची रुंदी आणि त्यातून पाणी वाहण्याची क्षमता यांवरून ग्लोव्हर पद्धतीने हा विलंब काढतात. म्हणूनच खोदकाम थांबल्यावरही मागची तूट नदीत उतरत राहते.

भरपाईचे पाणी योग्य वेळी, योग्य जागी आणि पुरेशा प्रमाणात नदीत पडले पाहिजे. खाणीच्या खालच्या बाजूला सोडलेले पाणी मधल्या हक्कदाराच्या कामाचे नसते. काही कंपन्या शहरांकडून प्रक्रिया केलेले सांडपाणी भाड्याने घेतात, मात्र ते पूर्णपणे वापरून संपवण्याची कायदेशीर मुभा असलेले हवे, उदाहरणार्थ पर्वतापलीकडच्या खोऱ्यातून आणलेले. काही कंपन्या कालवा कंपनीचे शेअर घेऊन शेत कोरडे ठेवतात. तिथे पिकाने प्रत्यक्ष वापरलेल्या पाण्याचेच श्रेय मिळते. शेतातून पूर्वी झिरपून नदीला परत जाणारा वाटा नदीला द्यावाच लागतो. तलावातून पाणी सोडले तर वाटेतली घटही धरावी लागते. कायम आराखड्याला जल न्यायालयाची मंजुरी लागते, तोवर राज्य अभियंत्याच्या मुदतीच्या परवानगीवर काम चालते आणि नोंदी द्याव्या लागतात.

खाण बंद झाली तरी तळे राहते आणि बाष्पीभवनही चालूच राहते. त्यामुळे शेवटाचा निर्णय पहिला फावडा पडण्यापूर्वीच व्हायला हवा. खड्डा भूजल पातळीच्या वर भरून टाकणे हा एक मार्ग. कायमचे भरपाईचे पाणी आराखड्याला बांधून देणे हा दुसरा. तिसऱ्या मार्गात खड्ड्याभोवती खालच्या अभेद्य खडकापर्यंत बेंटोनाइट मिसळलेल्या मातीची भिंत उतरवतात आणि ९० दिवसांच्या चाचणीत गळती तपासतात. भूजलापासून तुटलेला असा खड्डा जलाशय म्हणून वापरता येतो. डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेने साउथ प्लॅटकाठच्या जुन्या खाणी अशाच साठवणीसाठी घेतल्या आहेत. मार्ग कोणताही असो, त्याचा खर्च रेवेच्या किमतीतच धरलेला असावा. माल विकून मालक निघून जाईल आणि तूट खालच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येईल, हा व्यवहार न्याय्य नाही.